सोनं वाढलं नाही, तोळा आटला

पत्र असं आहे:

"काका, नमस्कार. आम्ही इंदूरच्या राजेंद्र नगरचे. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या, ८६ वर्षांच्या होत्या. त्यांच्या पाटल्या माझ्याकडे आल्या. नणंदेला त्यांनी आधीच १५ ग्रॅमची साखळी दिलेली आहे, तिच्यावर ७५० चा शिक्का आहे, म्हणजे १८ कॅरट. दोघींच्या नातींसाठी आजीच्या सोन्याच्या एकसारख्या बांगड्या करायच्या, सगळं सोनं एकत्र आटवायचं, असं आम्ही ठरवलं. पाटल्या २२ कॅरटच्या. घरात कायम 'तीन तोळ्यांच्या पाटल्या' असंच बोलणं. सासूबाईंच्या लग्नातली, १९५७ ची चिठ्ठी आहे, तिच्यावरही तीन तोळेच. पण सराफ्यात काट्यावर ठेवल्या तर ३५ ग्रॅम! नणंदेचे यजमान म्हणाले, काटा खोटा आहे. भाचा म्हणाला, २२ आणि १८ मिळून २० कॅरट होणार. आमचे हे म्हणाले, जास्त होईल, पण किती ते सांगता येईना. वाटणी ३५ आणि १५ अशीच करायची ना? यावरून दोन रविवार चहा कडू झाला आहे.

दुसरं, मी चकलीची भाजणी करून विकते. सहा जिनसांचे भाव बेरीज करून सहाने भागले, तर १६५ आले. म्हणून किलोला २२० लावले. पलीकडच्या गल्लीतली बाई १६० ला देते. ती नक्की काहीतरी भेसळ करते का?

तिसरं, नात नववीत आहे, हिंदी माध्यमात. परवा म्हणाली, 'आजी, किलो में वज़न नहीं होता, द्रव्यमान होता है.' मग भाजीवाला आम्हाला इतकी वर्षं काय मोजून देतोय?"

ताई, नमस्कार.

आधी नणंदेच्या यजमानांचा काट्यावरचा राग काढून टाका. काटा बरोबर आहे, चिठ्ठीही बरोबर आहे. मधल्या काळात तोळा आटला.

तुमच्या सासूबाईंच्या लग्नात तोळा म्हणजे चांदीच्या राणीछाप रुपयाच्या वजनाइतकं सोनं. 'रुपयाभर सोनं' असं आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणायची ते याचमुळे. १८३३ मध्ये कंपनी सरकारने रुपया आणि तोळा दोन्ही १८० ग्रेनचे ठरवून टाकले. आजच्या मापात ते ११.६६ ग्रॅम होतात. त्या तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. असे तीन तोळे म्हणजे जवळजवळ नेमके ३५ ग्रॅम. मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ मध्ये, आणि बाजारात ती मापं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. लोकांनी तोळा हा शब्द सोडला नाही, फक्त बोलण्याच्या सोयीसाठी त्यात दहा ग्रॅम भरायला लागले. १९५७ ची चिठ्ठी जुन्या तोळ्यात बोलते, आणि तुम्ही ती वाचता नव्या तोळ्यात. इतकी वर्षं हातात वागवूनही पाटल्या पस्तीसच्या पस्तीस भरतात, याचा अर्थ सासूबाईंनी त्या फार जपून वापरल्या, नाहीतर तेव्हाच्या सोनाराने वर एखादी गुंज जास्त टाकली होती.

हेच शेराचं झालं. माझ्या वडिलांचं इंदूरच्या सियागंज बाजारात किराण्याचं दुकान होतं. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, पण किलोची मापं आल्यावर गिऱ्हाईक पावशेरच मागायचं आणि वडील पाव किलो तोलायचे. पावशेर २३३ वरून २५० वर गेला आणि कुणी तक्रार केली नाही, कारण वाढ गिऱ्हाइकाच्या बाजूची होती. तोळ्यात घट झाली, ती मात्र लोकांना सोनं विकायला गेल्यावरच आठवते. तेव्हा कुठेही 'तोळा' ऐकलंत की आधी विचारा, कोणता? अकरा सहासष्टचा की दहाचा? भाव त्यानंतर विचारायचा.

आता मिश्रण. तुमच्या यजमानांचं बरोबर आहे, २० पेक्षा जास्तच येणार. नेमकं किती, ते काढायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमारास, सोन्याच्या मिश्रणाचं एक वेगळं प्रकरणच आहे. तिथे कॅरटऐवजी 'वर्ण' आहे आणि शुद्ध सोनं सोळा वर्णांचं. त्यातलं एक उदाहरण असं: १३ वर्णाचं सोनं १० मासे, १२ वर्णाचं ४ मासे, ११ वर्णाचं २ मासे आणि १० वर्णाचं ४ मासे. सगळं आटवलं तर कोणता वर्ण होईल? रीत एवढीच की प्रत्येकाचं वजन आणि वर्ण यांचा गुणाकार करा, गुणाकारांची बेरीज करा, आणि तिला एकूण वजनाने भागा. १३० अधिक ४८ अधिक २२ अधिक ४०, झाले २४०. एकूण सोनं २० मासे. उत्तर १२ वर्ण. नुसते वर्ण बेरीज करून चाराने भागले असते तर साडेअकरा आले असते, आणि सोनाराचा अर्ध्या वर्णाचा फायदा झाला असता. आज शाळेत याला भारित सरासरी म्हणतात आणि मुलं घाबरतात. सराफ्यातल्या पेढीवर बसलेल्या माणसाला हे नाव माहीत नसेल, पण हिशोब तोंडपाठ असतो.

तुमचं सोनं याच रीतीने घ्या. ३५ गुणिले २२ म्हणजे ७७०. १५ गुणिले १८ म्हणजे २७०. बेरीज १,०४०. एकूण सोनं ५० ग्रॅम. भागाकार २०.८. भाच्याला वीस आलं, कारण त्याने पस्तीस ग्रॅमच्या पाटल्यांना आणि पंधरा ग्रॅमच्या साखळीला सारखाच मान दिला. पंगतीत हे शोभतं, मुशीत नाही.

वीस आणि वीस पूर्णांक आठ यांत काय मोठासा फरक, असं वाटेल. पन्नास ग्रॅमच्या लगडीत तो फरक पावणेदोन ग्रॅमच्या आसपास शुद्ध सोन्याचा आहे. आजच्या भावाने गुणून बघा आणि मग भाच्याला बोलवा.

पण तुमच्या पत्रातला खरा चटका वाटणीचा आहे, आणि तिथे कुणीच लबाडी करत नसताना एकीचं नुकसान होतंय. ३५ आणि १५ अशी वाटणी ऐकायला रास्त वाटते. जिने जेवढं घातलं तेवढं तिला परत. पण तुम्ही घातलेलं पस्तीस २२ कॅरटचं होतं आणि परत मिळणारं पस्तीस २०.८ चं. तुमच्या पाटल्यांत शुद्ध सोनं ३२.०८ ग्रॅम होतं. मिश्रणातल्या ३५ ग्रॅममध्ये ते भरतं ३०.३३. पावणेदोन ग्रॅम शुद्ध सोनं तुमच्या बाजूने नणंदेच्या बाजूला सरकलं, तिला पत्ताही न लागता. बरोबर वाटणी शुद्ध सोन्याच्या प्रमाणात करायची, म्हणजे ७७० ला २७०. पन्नास ग्रॅमची लगड त्या प्रमाणात तोडली तर तुमच्याकडे ३७ ग्रॅम येतात, नणंदेकडे १३. जवळपास नेमके. नणंदेला पहिल्यांदा धक्का बसेल, की मी पंधरा दिले आणि मला तेरा? तिला सांगा, तू १८ चे पंधरा दिलेस आणि २०.८ चे तेरा घेते आहेस, तुझं शुद्ध सोनं सव्वाअकरा ग्रॅम होतं आणि आताही सव्वाअकराच आहे. हे सांगताना कागद-पेन्सिल हातात असू द्या आणि नणंदेचे यजमान समोर असू द्या. आणि हे सगळं आटवायच्या आधी. आटवल्यानंतर हाच हिशोब मांडलात तर तो हिशोब राहणार नाही, आरोप होईल.

खरं सांगू? मी तुमच्या जागी असतो तर एकत्र आटवलंच नसतं. २०.८ च्या दागिन्याला २२ कॅरटचा ९१६ चा शिक्का कधीच मिळणार नाही. उद्या नातीला गरज पडली आणि ती बांगडी मोडायला नेली तर प्रत्येक दुकानदार तिला नव्याने तपासणार आणि नव्याने कमी सांगणार. पाटल्यांच्या बांगड्या वेगळ्या, साखळीची बांगडी वेगळी, घडण मात्र एकच, असं केलं तर दिसायला एकसारख्या होतील आणि प्रत्येकीचा कस तिच्यापाशी राहील. पण 'आजीचं सोनं एकत्र' ही भावना तुम्हाला वजनापेक्षा मोठी वाटत असेल, तर तीही मला कळते. आमच्या घरीही आईच्या गोठांवरून असंच झालं होतं, आणि आम्ही हिशोब न करता आटवलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण माझ्या थोरल्या वहिनीला आहे, हे मला बारा वर्षांनी कळलं.

अजून एक गोष्ट. पाटल्या '२२ च्या' हे कुणी सांगितलं? १९५७ मध्ये हॉलमार्क नव्हता. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यांवर तो २००० पासून आला. तेव्हा बावीस हे ऐकीव आहे. आटवण्याआधी दोन्ही वस्तू मशीनवर तपासून घ्या, दागिना न तोडता पाच मिनिटांत आकडा मिळतो. मात्र तो आकडा पृष्ठभागाचा असतो, आतल्या डाखाचा कस वेगळा असू शकतो. म्हणून आटवल्यावर लगडही तपासून घ्या, आणि दोन्ही वेळचं वजन तिथेच चिठ्ठीवर लिहून मागा.

आटवल्यावर थोडी घट येतेच. तिच्याबद्दलही जुन्या हिशोबात एक सुरेख गोष्ट आहे. त्याच उदाहरणात पुढे विचारलंय: तेच वीस मासे सोनं शुद्ध करताना सोळा मासे उरलं, तर वर्ण कोणता? आता २४० ला वीसने नाही, सोळाने भागायचं. उत्तर १५. वजन कमी झालं आणि वर्ण वाढला, कारण जे गेलं ते सोनं नव्हतं. तुमच्या पन्नास ग्रॅममधून समजा अर्धा ग्रॅम मळ आणि तांबं जळून गेलं, तर १,०४० ला ४९.५ ने भागा, कस एकवीसला टेकतो. म्हणजे घट आली की कस थोडा चढायला हवा. वजन कमी झालं आणि कसही तिथेच राहिला, तर मुशीत काय चिकटलं ते शांतपणे विचारायचं. ओरडू नका. सराफ्यात दिवसा ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाची चर्चा रात्री तिथल्याच खाऊगल्लीत गराडूच्या तळलेल्या कंदाबरोबर होते.

आता भाजणी.

पलीकडच्या गल्लीतल्या बाईंची आधी मनातल्या मनात माफी मागा. तुम्ही प्रमाण लिहून पाठवलंय म्हणून बरं झालं: तांदूळ ४ किलो, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धा, धने पाव, जिरं पाव. भाव अनुक्रमे ५०, ९०, १३०, १२०, २०० आणि ४००. सहाही भावांची बेरीज ९९०, भागिले सहा, १६५. पण यात पाव किलो जिऱ्याने चार किलो तांदळाइतकंच मत दिलं! जिरं महाग आणि तोंडाळ, त्याने सगळी सरासरी वर ओढून नेली. सोन्याचीच रीत इथे लावा. तांदळाचे २००, हरभरा डाळीचे १८०, उडदाचे १३०, मुगाचे ६०, धन्यांचे ५०, जिऱ्याचे १००. एकूण ७२० रुपये आणि माल ८ किलो. किलोला ९० रुपये.

पण भाजणी भाजावी लागते. तांदूळ-डाळी धुऊन वाळवल्या, मंद आंचेवर भाजल्या, की ओलावा उडतो. समजा आठ किलोचे साडेसात किलो झाले. मग ७२० ला साडेसातने भागायचं, ९६ रुपये. मुशीतली घट आणि कढईतली घट, हिशोब एकच. इथे मात्र जे उडालं त्याचे पैसेही तुम्हीच मोजलेत, म्हणून भागायचं ते हातात उरलेल्या मालाने. त्यावर गॅस, दळणाची मजुरी, पिशवी आणि तुमचे कष्ट. हे सगळं धरूनही १६० मध्ये त्या बाईंना चांगले पैसे सुटतात. भेसळ करायची गरजच काय? तुमच्या २२० मध्ये जवळपास सत्तर रुपये फक्त भागाकार चुकल्याचे आहेत. दिवाळीला अजून वेळ आहे, भाव खाली आणा. एकदम १६० वर नको, नाहीतर गिऱ्हाइकं म्हणतील मागच्या वर्षी लुटलं. १७५ ठेवा.

ही चूक फक्त घरगुती नाही. मी ज्या शाळेत गणित शिकवत होतो तिथे एका वर्षी दोन तुकड्यांचा निकाल लागला. एका तुकडीत वीस मुलं, नव्वद टक्के पास. दुसरीत साठ मुलं, निम्मी पास. मुख्याध्यापकांनी नोटीस बोर्डावर लिहिलं, शाळेचा निकाल ७० टक्के. खरं तर ऐंशीपैकी अठ्ठेचाळीस पास झाले होते, म्हणजे ६० टक्के. मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "सर, सत्तर दिसायला बरं दिसतं." बोर्ड तसाच राहिला. त्या बोर्डासमोरून मी वर्षभर मान खाली घालून जात होतो.

याच प्रकारातली एक लबाड चूक आहे, तुम्ही बाजारहाट करता म्हणून सांगतो. समजा कांदा एकदा २० रुपये किलो होता तेव्हा दोनशेचा घेतला, पुढच्या महिन्यात ४० झाला तेव्हाही दोनशेचाच घेतला. सरासरी भाव किती पडला? सगळे म्हणतात तीस. पण पहिल्या खेपेला दहा किलो आला, दुसऱ्या खेपेला पाच. चारशे रुपयांत पंधरा किलो, म्हणजे पावणेसत्तावीस रुपयांच्याही आत. स्वस्त कांदा आपसूकच जास्त आला, म्हणून त्याचं मत मोठं. दर महिन्याला ठरावीक रकमेचं सोनं किंवा म्युच्युअल फंड घेणाऱ्यांचा सरासरी भाव असाच थोडा खाली राहतो, त्यात एजंटाची काही करामत नसते. मात्र दोन्ही वेळा पाच-पाच किलो घेतला असतात तर तीसच बरोबर होतं. म्हणून आधी बघायचं, काय सारखं ठेवलंय, पैसे की किलो.

आता नात. ती बरोबर बोलते आहे, आणि भाजीवालाही बरोबर आहे. आपल्या मराठी पुस्तकांत ज्याला वस्तुमान म्हणतात ते तिच्या हिंदी पुस्तकात द्रव्यमान. आपण ज्याला वजन म्हणतो ते तिथे भार. वस्तुमान म्हणजे वस्तूत माल किती आहे. भार म्हणजे त्या मालाला पृथ्वी किती जोराने खाली ओढते. पहिलं किलोत, दुसरं न्यूटनमध्ये. १९०१ मध्ये पॅरिसच्या वजन-मापांच्या परिषदेत हे स्पष्ट करून ठेवलं गेलं की किलो हे वस्तुमानाचं एकक, भार हे बलाच्या जातीचं. भाजीवाला 'वजन' म्हणतो आणि देतो वस्तुमान. बाजाराला तेच हवं असतं. तुम्हाला भाजी खायची आहे, पृथ्वीची ओढ खायची नाही.

नातीला माझ्या वडिलांची तागडी दाखवायला हवी होती. एका पारड्यात किलोचं माप, दुसऱ्यात पोहे. दांडी समतोल झाली की दोन्हीकडे माल सारखा. ही तागडी चंद्रावर नेली तरी तेवढेच पोहे तोलेल, कारण तिथे दोन्ही पारड्यांची ओढ सारखीच कमी होते, साधारण सहावा भाग. पण स्प्रिंगचा काटा चंद्रावर त्याच पोह्यांना १६५ ग्रॅम म्हणेल, कारण तो माल मोजत नाही, ओढ मोजतो आणि त्यावरून किलोचा आकडा दाखवतो. आजकालचा बटणांचा डिजिटल काटाही आतून ओढच मोजतो. मग इंदूरमध्ये तो बरोबर कसा? त्याला इथेच, खऱ्या मापाने, शिकवून ठेवलेलं असतं म्हणून.

शिकवलेला काटा दुसरीकडे नेला तर किती फसवेल? विषुववृत्तावर आणि ध्रुवावर ओढीत अर्ध्या टक्क्याचा फरक आहे, म्हणजे विषुववृत्तावर नीट लावलेला काटा ध्रुवावर किलोला १,००५ ग्रॅम म्हणेल. उंचीनेही ओढ कमी होते, पण फार थोडी. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, त्याचा परिणाम किलोमागे एक-दोन दशांश ग्रॅम. तुमच्या पन्नास ग्रॅमच्या सोन्यात तर तो ग्रॅमच्या शंभराव्या भागाच्याही आत बसतो. नणंदेच्या यजमानांना हे सांगू नका, ते नवीन शंका काढतील. त्यांना फक्त काट्यावरचा नापतौल विभागाचा शिक्का दाखवा. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दर वर्षी होऊन नवा शिक्का लागायला हवा.

नातीला आणखी एक सांगा, तिला आवडेल. १८८९ पासून किलो म्हणजे पॅरिसजवळ कपाटात ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता. त्याच्या नकला देशोदेशी वाटल्या होत्या. आपली ५७ क्रमांकाची, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. पण ठोकळा आणि त्याच्या नकला वेळोवेळी ताडून पाहिल्या तेव्हा त्यांच्यात काही मायक्रोग्रॅमचा फरक पडत गेलेला दिसला. आणि गंमत अशी की ठोकळा हलका झाला म्हणायचीही सोय नव्हती, कारण किलो म्हणजेच तो. म्हणून २० मे २०१९ पासून किलो निसर्गातल्या कधी न बदलणाऱ्या एका आकड्यावर, प्लँकच्या स्थिरांकावर, बांधला गेला. तोळा आटला तसा किलो आता आटणार नाही.

आणि वस्तुमान हातालाही कळतं, फक्त उचलून नव्हे. गॅसचा भरलेला सिलिंडर चाकांच्या स्टँडवर ठेवून ढकलायला सांगा नातीला, मग रिकामा ढकलायला सांगा. खाली ओढण्याचा इथे प्रश्न नाही, जमीन दोघांनाही धरून आहे. तरी भरलेला हलायला कुरकुरतो आणि हलला की थांबायला कुरकुरतो. ती कुरकुर म्हणजे वस्तुमान. त्याच वेळी सिलिंडरच्या गळ्यावर कोरलेलं रिकाम्याचं वजन तिला वाचायला लावा. त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचं वजन आलं पाहिजे. सिलिंडर घेऊन येणाऱ्याकडे काटा असतो, मागितला की तो तोलून दाखवतो. मागायचं मात्र आपण.

माझे वडील याला धडा करणं म्हणायचे. बरणीत तेल मागायला कुणी आलं की आधी रिकामी बरणी एका पारड्यात, दुसऱ्यात तेवढाच दगड-खिळे, दांडी सरळ, आणि मगच तेल. आता मिठाईच्या दुकानात पुठ्ठ्याच्या डब्यासकट पेढे तोलतात आणि डबा पेढ्यांच्या भावाने विकतात. कायद्याने तोल निव्वळ मालाचाच व्हायला हवा. डबा काट्यावर ठेवून आधी शून्य करायला सांगा. काट्यावर त्याचं बटण असतं, दुकानदाराचं बोट फक्त तिकडे जायला कंटाळतं.

तर सराफ्यात जाल तेव्हा नातीला बरोबर न्या. वजन आणि कस चिठ्ठीवर आला की गुणाकार-भागाकार तिला करू द्या. नणंदेला तुम्ही सांगितलेले ३७ आणि १३ खटकतील, पोरीने काढलेले खटकणार नाहीत. आणि भाजणीचा भाव उतरवलात की माझ्यासाठी अर्धा किलो बाजूला ठेवा. पिशवीचं वजन वगळून.